खाडीकाठचा दगड

सहलीला निघताना कुणी दशम्या घेतल्या होत्या, कुणी ट्रान्झिस्टर, कुणी पत्त्यांचा जोड. मी घेतल्या होत्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. थोड्या माझ्या कमरेच्या चंचीत, थोड्या पिशवीत आणि थोड्या आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सदऱ्याच्या खिशात. दर मुक्कामाला मी तिन्ही ठिकाणी हात घालून त्या जागेवर आहेत ना ते बघायची. माझ्याबरोबरच्या एक शिक्षिका म्हणाल्या, "तू चालायला आलीयस का राखणीला?" राखणीलाच आले होते, खोटं कशाला बोलू.

साल सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर असावं. मी शिकवायची त्या शाळेचे चित्रकलेचे सर नाताळच्या सुट्टीत एक पायी सहल काढायचे. एरवी पन्हाळा-विशाळगड ठरलेला. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं, की देवगडपासून मालवणपर्यंत समुद्राच्या काठाकाठानं चालत जायचं. वाट दाखवायला तिथलाच एक माणूस ठरवला होता. आबांच्या कानावर हे गेलं आणि ते हटूनच बसले. "समुद्र बघितल्याबिगर मरू व्हय मी?"

असं काही ते बोलले की मी लगेच विषय बदलायची, कारण आदल्या वर्षीच त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, चाला, हवं तेवढं चाला, पण पोहणं कायमचं बंद. आता हे सांगायचं कुणाला, तर पंचगंगेच्या घाटावर अर्ध्या पेठेला पोहायला शिकवलेल्या माणसाला! पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि द्यायचा ढकलून, ही त्यांची शिकवणी. असला माणूस वर्षभर न्हाणीत बसून तांब्यानं अंघोळ करत होता आणि दिवसेंदिवस कमी बोलत होता. त्या गप्प राहण्याला आई जास्त भ्यायली असावी. तिनं परवानगी दिली, पण स्टँडवर मला बाजूला घेऊन बजावलं, "चालू दे किती बी. पाण्यात तेवढं उतरू द्यायचं न्हाय. तुझ्या भरवशावर सोडतीय."

मला स्वतःला पोहता येत नव्हतं. पोरीच्या जातीनं घाटावर कशाला जायचं, असं आईचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर मी पाण्याला भीतच होते. म्हणजे दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच.

फोंडाघाट उतरून एस.टी.नं देवगडला गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला लागलो. लोकांना त्या किनाऱ्याचं काय काय आठवतं. मला आठवतात त्या आबांच्या टाचा. त्यांच्या मागून चालायचं, पाऊल कुठं पडतंय ते बघायचं आणि श्वास ऐकायचा, हे माझं काम. वाट कधी जांभ्या कातळावरून जायची, कधी काजूच्या वाळक्या पाल्यातून आणि कधी अगदी कड्याच्या तोंडाशी. खाली लाट आपटली की तिचा दणका तळपायाला कळायचा. तिथं मी आबांचा सदरा मागून धरून ठेवायची. ते झटकून म्हणायचे, "सोड गं, फाटंल."

पण गडी खुलला होता. पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा ते बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "केवढं पाणी, आणि प्याय घोटभर न्हाय!" सगळे हसले. मी हसले नाही, कारण मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. त्यांना त्या पाण्यात उतरायचं होतं, हे मला स्वच्छ दिसलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका खाडीनं वाट अडवली. होडीनं पलीकडं जायचं होतं. होडी जरा वरच्या अंगाला, माडांआड बांधलेली होती आणि होडीवाला घरी जेवायला गेलेला. आमचा वाटाड्या म्हणाला, "मी तेका घेवन येतंय. तुमी हंयच सावलीत बसा, खाली जाव नकात." आणि छत्री काखेत मारून माडांत दिसेनासा झाला.

आम्ही शिदोऱ्या सोडल्या. आबा मात्र काठावर गेले, हाताएवढा एक दगड उचलला आणि बरोबर पाण्याच्या कडेला ठेवला. ते बघून आमची कोल्हापूरची सगळी मंडळी ओळखीचं हसली. पंचगंगेला पूर आला की आमच्याकडं प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी असा दगड ठेवतात. दगड बुडाला की पाणी चढतंय, सामान हलवा. दगड उघडा पडला की पाणी उतरलं, आता सुटलो. घटकाभरानं आबांचा दगड चांगला उघडा पडला होता. त्याच्या पुढं ओली वाळू दिसत होती आणि तिच्या टोकाला काळा खडक.

"पाणी उतराय लागलं," आबा म्हणाले. "आता काय चढत न्हाय."

मी शाळेत भूगोल शिकवायची. चंद्र, पृथ्वी, भरती, ओहोटी हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते. पण ते समुद्राचं होतं, आणि समोरचं पाणी तर काठाला झाडं असलेलं, एका दिशेनं वाहणारं, सरळसरळ नदीचं पाणी. उतरलेली नदी काही तासाभरात मागं फिरत नाही. सरसुद्धा म्हणाले, "आबांचा दगड आहे म्हटल्यावर काळजी नाही." खरं म्हणजे त्या सहलीत पहिल्यांदाच माझा जीव भांड्यात पडला. आबा त्या खडकाकडे निघाले तरी मी अडवलं नाही. उघड्या वाळूवरूनच जाणार होते, आईची अट कुठं मोडत होती? मी बूट काढून पाय मोकळे केले आणि जेवायला बसले.

जेवणं उरकून तास-दीड तास झाला, तरी वाटाड्याचा पत्ता नव्हता. खडकावरची कालवं, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या दोन बायका टोपल्या डोक्यावर घेऊन परत आल्या. त्यातली एक चालता चालता थबकली. "गे बाय, थंय बसलो हा तो म्हातारो तुमचो मां? भरती लागली. बोलव तेका बेगीन."

मी वळून बघितलं तर दगड नव्हता.

अनवाणीच धावत सुटले. मघाची वाळू गेली होती. खडक आणि काठ यांच्यामध्ये पाणी होतं आणि ते उलटं वाहत होतं, समुद्राकडून डोंगराकडं. उलटी वाहणारी नदी मी जन्मात पहिल्यांदा बघत होते आणि पलीकडे आबा उभे होते. सर पाठीमागून शिट्टी वाजवत आले. शिट्टीचा काय उपयोग होणार होता?

आबा घाबरलेले नव्हते, हेच वाईट होतं. त्यांनी टोपी काढून खडकावर ठेवली. सदरा काढला, त्याच्याबरोबर खिशातल्या गोळ्याही गेल्या. धोतर वर खोचलं. मग खाली वाकून ओंजळभर पाणी छातीला लावलं. घाटावर उडी मारण्याआधी ते असंच करायचे. वर्षभर कोंडलेला माणूस आता सुटणार होता.

"आबा, उतरायचं न्हाय!" मी ओरडले.

"अगं, पंधरा-वीस हात बी न्हाय हे! ह्याला काय भ्यायचं?"

"होडी येतीया! खाली बसा तिथंच!"

"आणि होडीतनं आणून सोडणार व्हय मला? मला?"

त्यांनी पाऊल पुढं टाकलं. मी काही ठरवलं नव्हतं. माझे पायच पाण्यात शिरले. गुडघ्याएवढं झालं, मग कमरेएवढं. लुगडं फुगून वर आलं आणि पायाखालची वाळू ओढली जायला लागली. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

"तुम्ही उतरला की मी बी फुडं येणार!" मी ओरडले. "मग दोघास्नी कोण काढतंय ते बघू!"

"मागं फिर! तुला पवाय येत न्हाय!"

"म्हणूनच सांगतीय, बसा खाली!"

आबांचा चेहरा एकदम बदलला. पूर, झटका, दवाखाना, कशातही न दिसलेली भीती मी तिथं बघितली. त्यांनी दोन्ही हात पुढं करून मला थांबवलं आणि मटकन खडकावर बसले. मी मागं फिरले नाही, कारण फिरले असते तर ते उठले असते. सरांनी माझा पदर मुठीत धरून ठेवला होता. पाणी आबांच्या पिंढऱ्यांना लागलं आणि माझ्या छातीला, तेव्हा कुठं होडी दिसली. वाटाड्या पुढं उभा राहून आम्हाला शिव्या घालत होता. त्या मला फार गोड लागल्या.

होडीत मी गोळी पुढं केली. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मला न्हाय, तूच घे." पुढचे दोन दिवस ते माझ्या मागून चालले.

घरी पोचल्यावर आईनं पहिला प्रश्न तोच विचारला. आबांनी टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "मी न्हाय उतरलो. तुझी लेक उतरली." आईनं माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवायला आत गेले.

पुढच्या रविवारी सकाळी आबांनी माळ्यावरून भोपळा काढला. धूळ झटकली, ठोकून बघितला. कळंब्याकडं त्यांच्या एका दोस्ताचं शेत होतं, तिथल्या विहिरीवर मला घेऊन गेले. तिशी ओलांडलेली मी पाठीला भोपळा आणि कमरेला दोर बांधून पायरीवर उभी राहिले. मागच्या पायरीवर, कोरड्या धोतरात, दोराचं टोक हाताला गुंडाळून आबा. अर्ध्या पेठेला त्यांनी असंच उभं केलं होतं आणि बोलू न देता ढकललं होतं.

खालचं पाणी काळं दिसत होतं. मी डोळे मिटले आणि वाट बघितली. बराच वेळ काहीच झालं नाही.

"ढकला की, आबा," मी म्हणाले.

"थांब गं जरा," ते म्हणाले, आणि त्यांनी दोराची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली.