लाइट गेली तेव्हा चोरटी पुलावर होती

मे २००५, रविवार दुपार. नाशिक रोड, आमच्या क्वार्टरची पुढची खोली. हजर: खेळ चालवणारा माझा धाकटा भाऊ, त्याचा येवल्याचा कॉलेजमित्र, समोरच्या बिल्डिंगमधली मैत्रीण आणि मी. रात्रपाळी करून आलेले वडील आत झोपलेले. मध्ये नुसता पडदा, म्हणून ऊन आत जाऊ नये यासाठी खिडक्यांवर गोधड्या, आमच्यापुरता एक छोटा दिवा आणि सगळं बोलणं कुजबुजत.

खेळ तोंडी. भावाने प्रसंग सांगायचा, आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं, जोखमीच्या जागी वीस बाजूंचा फासा टाकायचा. पात्र मेलं की त्याची माहिती लिहिलेला कागद फाडायचा. मैत्रिणीचं पात्र म्हणजे एक चोरटी, ती तीन वर्षं टिकली होती. मैत्रीण त्याच संध्याकाळी नोकरीसाठी पुण्याला निघणार होती आणि तिला चोरटी जिवंत ठेवून जायचं होतं.

आमचा एक घरचा नियम होता: लोडशेडिंग झालं की खेळातलीही मशाल विझली. मग खेळातल्या माणसांना काही दिसायचं नाही. दिसायचं फक्त येवलेकराच्या पात्राला, कारण तो बुटका होता आणि खेळातले बुटके अंधारातही बघू शकतात.

चोरटी दरीवरच्या पुलावर. पुढच्या फळ्या तुटलेल्या. दोन दोर लोंबत होते, लाल पक्का, हिरवा कुजका. एक धरून पलीकडे झोका घ्यायचा. तेवढ्यात लाइट गेली.

"थांब, लाल कुठला ते मी बघतो," येवलेकर म्हणाला.

"बुटक्याला अंधारात सगळं राखाडी दिसतं," भाऊ म्हणाला. "रंग नाही कळत."

"मला कळतो. आमच्या घरात पैठणीचा माग हाय."

"तुझ्या घरात. बुटक्याच्या नाही."

"अरे, राखाडीतपण गडद-फिकं असतंय की! लय गडद कुठला, तेवढं सांग."

भाऊ म्हणाला, "दोन्ही भिजलेत. दोन्ही गडद."

"आत्ता भिजवलेस ना, मेल्या?" मैत्रीण म्हणाली.

"हळू," मी म्हणाले.

"दोर निवड आणि फासा टाक," भाऊ तिला म्हणाला. " दहाच्या वर आलं तर तो लाल."

"डावा," ती म्हणाली.

फासा घरंगळत पडद्याकडे गेला. पडलेल्या फाशाला लाइट येईपर्यंत हात लावायचा नाही, हाही नियमच. आकडा तिथे अंधारात पडलेला, कोणालाच न दिसणारा.

आत खाट करकरली. वडील पाण्यासाठी चाचपडत बाहेर आले. "काय रे हे पायात?" म्हणत त्यांनी फासा उचलला आणि भावाच्या हातात दिला.

"काका, मला मारलंत की वाचवलंत?" मैत्रीण म्हणाली.

"कोणाला मारलं? घरी जा गं, झोप जरा."

खाली तिला न्यायला आलेली रिक्षा वाजली. भाऊ म्हणाला, पुन्हा टाक. ती म्हणाली, घाईत नाही, अंधारात तर नाहीच. पुढे भावाने फोनवरून "मीच टाकतो" म्हणून पाहिलं. तिने साफ नाही सांगितलं. फासा तिच्याच हातचा, चौघांसमोर.

चोरटीचा कागद माझ्या फायलीत आहे, न फाडलेला. चौघांना जमेल असा रविवार अजून ठरवायचा आहे.