उलट्या पिळाचे सूत

"आयर्लंडहून आलेल्या तीन पाहुण्यांना आमच्या केंद्राचे सूत फार पसंत पडले. ते सूत केंद्रातील सर्व भगिनींच्या एकत्रित श्रमाचे होते. मात्र गिरडच्या टेकडीच्या पायथ्याशी सोबतच्या दुभाष्याने निष्कारण वाद घातल्यामुळे पाहुण्यांचा विरस झाला व दौरा अर्ध्यावर आटोपता घ्यावा लागला."

ही तीन वाक्ये आमच्याकडील एका सूतकताई केंद्राच्या स्मरणिकेत छापली आहेत. लेखक केंद्राचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सारे दादासाहेब म्हणतो. तो दुभाषी मी. वर्ध्यात मुलांना आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला मास्तर. तिन्ही वाक्यांपैकी पहिले खरे आहे. उरलेल्या दोहोंसाठी मला या वयात लेखणी हाती धरावी लागते आहे.

नव्वदचे दशक सरत आले होते. पौषातल्या एका सकाळी मी पाहुण्यांना वर्धा स्थानकावर उतरवून घेतले आणि सिंदी मेघेतील माझ्या घरी आणले. मोरीन पन्नाशीची, रुंद खांद्यांची. वडिलांची बंद पडलेली लोकरीची गिरणी तिने दोन मागांवर पुन्हा सुरू केली होती. कॉनर फिडल (खांद्यावर धरून वाजवायचे सारंगीसारखे वाद्य) बनवणारा आणि वाजवणारा. ब्रीजिद समुद्रकाठी एक लहानसे घर चालवीत असे, जिथे थकलेल्या परिचारिका आठवडाभर येऊन राहत आणि शांत बसून श्वासाकडे लक्ष देत. पत्नीने तर्रीपोहे (झणझणीत रश्श्याचे पोहे) केले होते. कॉनरने दोन घासांत डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा तर्री मागितली. माझी पत्नी अनोळखी माणसाविषयी सहसा मत देत नाही. त्या दिवशी तिने दिले. म्हणाली, "माणूस रडते, पण मागे हटत नाई."

सेवाग्रामच्या आश्रमात आम्ही झाडाखाली बसलो, तेव्हा मी ब्रीजिदला माझ्या मनातले विचारून टाकले. श्वास कसा घ्यावा हे आयर्लंडहून येऊन वर्धेकरांना कोणी शिकवावे काय? ती रागावली नाही. श्वास आपण शिकवतच नाही, असे तिने सांगितले. तिच्याकडे येणाऱ्या बायांना दुसऱ्याची सेवा कधी थांबवावी हे कळत नाही, तेवढेच त्या तिच्याकडे शिकतात. मग तिने मला उलट विचारले, "कोणी चुकीचे बोलत असताना तुम्ही शेवटचे गप्प कधी बसला होतात?"

मी म्हणालो, "मी शिक्षक आहे."

"मग कधीच नाही," ती म्हणाली आणि हसली. मला ते हसणे आवडले नाही. परंतु ते पुढे उपयोगी पडायचे होते.

दुपारी आम्ही केंद्रात पोचलो. दादासाहेबांनी स्वागत केले, गोरसपाक (तुपातील खुसखुशीत बिस्किटे) दिला आणि केंद्राची रीत समजावली. गावोगावच्या बाया घरी सूत कातून गुंड्या (सुताच्या लडी) आणतात. येथे त्या एकत्र केल्या जातात आणि कोणती कोणाची हे त्यानंतर उरत नाही. सूत संस्थेचे, व्यक्तीचे नव्हे. नावाने अहंकार वाढतो, असे ते म्हणाले. ते हे मनापासून मानतात, आणि एवढी कबुली मी त्यांना देतो.

मोरीनने ते ऐकले आणि आपल्या आजीविषयी सांगितले. आजीने उभे आयुष्य एका व्यापाऱ्यासाठी ब्लँकेटे विणली. "ती कुठेतरी कोणाच्या तरी पलंगावर असतील. पण त्यांतले एकही मला ओळखता येत नाही. म्हणून आमच्या गिरणीत प्रत्येक ब्लँकेटच्या कोपऱ्यावर विणणारीचे नाव असते." कॉनरने भर घातली की फिडल बनवणाऱ्याचे नाव पोटात आतल्या बाजूला असते, ते फक्त दुरुस्त करणाऱ्याला दिसते, आणि तेवढे पुरे होते.

बोलता बोलता मोरीन गुंड्यांच्या ढिगाऱ्यात हात घालत होती. एक गुंडी तिने उचलली, अंगठा ओला करून धागा उकलला आणि उठून खिडकीशी गेली. बाकी सर्व सुताचा पीळ उजवीकडे, याचा डावीकडे. दादासाहेबांनी लगेच ती गुंडी मागितली. उलट्या पिळाचे सूत सदोष, ते चुकून राहिले, बाजूला काढू, असे ते म्हणाले. मोरीनने दिली नाही. दोन्ही पिळांचे धागे शेजारी विणले की त्यांवर प्रकाश दोन तऱ्हांनी पडतो आणि पांढऱ्यावर पांढरेच पट्टे उमटतात, रंगाचा थेंब न वापरता. असे कापड विणण्यासाठी हाताने कातलेले उलटे सूत ती कित्येक वर्षे शोधत होती. तिला ते कातणारी बाई हवी होती, तिला काम द्यायचे होते.

मी हे मराठीत सांगितले तेव्हा दादासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले की ते सूत केंद्राचेच आहे, सर्वांचे आहे. सदोष सूत केंद्राचे होण्यास चहाचा एक कप पुरला.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांसह त्यांच्या जीपने आम्ही गिरडच्या टेकडीवरील दर्गा पाहायला निघालो. समुद्रपूरच्या पुढे चाक पंक्चर झाले. चालक ते बदलीत असताना कॉनर बांधावर बसून फिडल वाजवू लागला. शेतातल्या कापूस वेचणाऱ्या बाया ओटीतला कापूस सावरत जवळ आल्या. एकीने विचारले, "हा बाबा लग्नात बी वाजवते का?" मी भाषांतर केले. कॉनर म्हणाला, वाजवतो, पण आधी जेवण. बाया खळखळून हसल्या.

तेवढ्यात त्यांच्यातल्या एका वयस्क बाईची नजर मोरीनच्या हातातील गुंडीवर गेली. तिने धागा दोन बोटांत फिरवून पाहिला.

"हे तं यशोदीचं सूत हाय. गिरडच्या खालची यशोदी. डेबरी (डावखुरी) हाय ते. तिचा चरखा उलटा फिरते."

दादासाहेब माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, हे इंग्रजीत नेऊ नका."

मी मोरीनला बाईचे वाक्य सांगितले. त्यानंतर दादासाहेबांचेही सांगितले. दुभाष्याने जे बोलले गेले ते सर्व पोचवावे, हा माझा धर्म आहे. ज्याला ते नको असेल त्याने दुभाष्यासमोर बोलू नये. चाक बसताच मोरीनने जीप आधी यशोदाबाईंच्या घरी न्यायला सांगितली. वाद म्हणायचाच असेल तर एवढाच, आणि तो गिरडच्या पायथ्याशी नव्हे, समुद्रपूरच्या रस्त्यावर झाला.

यशोदाबाईंचे घर टेकडीखाली, सारवलेल्या अंगणाचे. त्या आणि त्यांची जाऊ सुमनबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी येण्याचे कारण सांगितले. दादासाहेबांनी मध्येच सुमनबाईंकडे पाहून विचारले, "तुमच्या गुंड्यांत हे सूत आलं कसं?"

तेव्हा मला सारे उमगले. यशोदाबाईंचे सूत केंद्राने उलटे म्हणून नाकारले होते, आणि जाऊ ते आपल्या गुंड्यांत घालून देत होती. हे उघड झाले तर सुमनबाईंचेही काम जाणार होते.

यशोदाबाईंनी शेंगेवरून मान वर केली नाही. "माहं नाई ते सूत," त्या म्हणाल्या.

मी ते वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत सांगितले. माझ्या जिभेवर दहा उत्तरे होती. ब्रीजिदने माझ्याकडे पाहिले, फक्त पाहिले. आणि वाचकहो, मी गप्प बसलो. साऱ्या जिल्ह्याला माहीत असलेल्या माझ्या स्वभावावर मात करून मी अंगणातल्या खाटेवर तोंड मिटून बसलो. स्मरणिकेत ज्याला वाद म्हटले आहे, ते हे बसणे होय.

मोरीन उठली. पडवीत कोपऱ्यात पोत्याखाली चरखा होता. तिने नजरेनेच परवानगी मागितली, पोते काढले आणि समोर बसली. चरखा यशोदाबाईंच्या वडिलांनी, ते सुतार होते, लेकीच्या हाताप्रमाणे घडवलेला. सारे आरशात पाहिल्यासारखे, चाती (ज्यावर धागा गुंडाळतो ती सळई) दुसऱ्या अंगाला. मोरीन उजव्या हाताची. पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) धरून तिने चाक फिरवले आणि धागा तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. ती मुद्दाम करीत होती काय, हे मी तिला नंतर विचारले. ती म्हणाली, मुळीच नाही, मला खरोखरच जमत नव्हते.

चौथ्यांदा धागा तुटला तेव्हा यशोदाबाईंनी शेंगांचे सूप खाली ठेवले.

"अवो बाई, सूत तोडून राह्यल्या तुमी. सरका."

त्या बसल्या, डाव्या हाताने चाक फिरले आणि उजव्या हातातून धागा निघत गेला, हातभर, दोन हात, न थांबता. मोरीनने गुंडीचा धागा त्याच्याशेजारी धरला. दोन्हींचा पीळ एक. यशोदाबाईंना आपण काय केले ते उशिरा कळले. त्यांचा हात थांबला आणि त्यांनी जावेकडे पाहिले.

सुमनबाई दादासाहेबांना म्हणाल्या, "मीच घालत होती दादासाहेब. तिचं सूत वाईट असतं तं तुमाले आधीच कळलं असतं ना?"

दादासाहेब उठले, जीपमध्ये बसले आणि निघून गेले.

मोरीनने कोपऱ्यावर नाव लिहायची गोष्ट सांगितली. यशोदाबाई म्हणाल्या, "मास्तर, माहं नाव कायले पायजे?" मग सूप पुन्हा मांडीवर घेत, "लिहाचंच असन तं सुमनचं बी लिहा. तिच्यानं गेलं ते सूत." मोरीनने ते तिथल्या तिथे मान्य केले, आणि काम दोघींनाही दिले.

आता विरसाबद्दल. पाहुण्यांनी त्या अंगणात ज्वारीची भाकर, ठेचा आणि सोल्यांची (हिरव्या तुरीच्या दाण्यांची) आमटी खाल्ली. नंतर ते टेकडी चढून बाबा फरीदांच्या दर्ग्यावर गेले. तिथले जायफळासारखे गोल दगड कॉनरने खिशात भरले आणि खादिमाने (दर्ग्याच्या सेवकाने) त्यांची कथा सांगितली. परतीला आम्ही एसटीत उभे राहून वर्ध्यापर्यंत आलो. ब्रीजिद मला म्हणाली, "आज बसलात." मी म्हणालो, एकदाच. दौरा अर्ध्यावर सोडला तो एकाच माणसाने, आणि तो दुभाषी नव्हता.

त्या वाटेवर मी विचार करीत होतो. अहंकार नको म्हणून नाव पुसणारा माणूस शेवटी स्मरणिकेवर आपले नाव मात्र छापतो. मोरीनच्या आजीसाठी कोणी लिहिले नाही. यशोदाबाईंसाठी लिहिणारा मी आहे, आणि मी अजून जिवंत आहे.

वर्षभराने आयर्लंडहून दोन शाली आल्या. उभे सूत दोन्ही पिळांचे, केंद्राचे आणि यशोदाबाईंचे. एक त्या दोघी जावांना, एक केंद्राला. दोहोंच्याही कोपऱ्यावर दोन नावे विणली होती. दादासाहेबांनी केंद्राची शाल काचेच्या चौकटीत घालून आपल्या कार्यालयात लावली आहे, तो कोपरा आत दुमडून. चौकट उघडा, असे मी म्हणत नाही. त्या कार्यालयाची पूर्वेची खिडकी तेवढी उघडा आणि शालीसमोर उभे राहा. केंद्रासाठी कातणारा एकही चरखा उलटा फिरत नाही, आणि त्या शालीत पांढऱ्यावर पांढरे पट्टे दिसतात.