मबरूकाच्या गालावरच्या रेघा

उस्माननं आयुष्यभर माणसं गोरी केली. मुरुडजवळच्या गावातून बाविसाव्या वर्षी कुवेतला आला आणि तिथल्या मिरकाब भागातल्या एका फोटो स्टुडिओत चिकटला. मालकानं पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी शिकवल्या. चेहरा उजळ करून द्यायचा, आणि कच्चा फोटो गिऱ्हाइकाला चुकूनसुद्धा दिसू द्यायचा नाही, लगेच फाडून टाकायचा. फोटोतले हात तसेच सोडायचे, त्यांच्याकडे बघतो कोण? लग्नासाठी गावी फोटो पाठवणाऱ्या पोरांची रांग लागायची. उस्मानचा हात असा काही बसला, की सुट्टीवर गेला तेव्हा त्यानं आईचाही, अमिरुन्निसाचा, फोटो काढून आणला आणि चांगला गव्हाळ करून, फ्रेममध्ये घालून पाठवला. आई काळीभोर होती. फोनवर म्हणाली, "ही कोण बाई पाठवलीस रे?" उस्मान हसला होता. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं त्याला, आता काय बोलायचं.

पुढे मोबाइल आले, स्टुडिओला टाळं लागलं, आणि उतारवयात उस्मानला एका विद्यापीठाच्या लायब्ररीत काम मिळालं. जुने फोटो स्कॅन करायचे, डाग काढायचे.

तिथं डॉक्टर हिबा होत्या. पक्क्या कुवेती, पण काळ्या; म्हणजे ज्यांना 'आपले' म्हणताना अजून काहींची जीभ अडखळते, त्यांतल्या. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून गलबतांत घालून आणलेले. कुणी मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारल्या, कुणी लोकांची घरं झाडली, आणि कागदावर नाव म्हणाल तर फक्त मालकाचं. हिबा घरोघर हिंडून या माणसांचे फोटो गोळा करत होत्या. विद्यापीठात प्रदर्शन भरवायचं, प्रत्येक चेहऱ्याखाली त्याचं स्वतःचं नाव लिहायचं. चौदा महिने त्यांनी दुसरं काही केलं नाही. उस्मानला त्या 'अबू झैद' म्हणत, झैदचा बाप; थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची इथली रीत.

त्यांतला एक फोटो हिबांच्या पणजीचा, मबरूकाचा. तिचा तेवढा एकच. ओल लागून काचेला चिकटलेला. उस्माननं काचेवरूनच स्कॅन घेतला आणि मग काच सोडवायला गेला, तर चेहऱ्याचे पापुद्रे सुटून टेबलावर पडले. हे होणार हे हिबांना ठाऊक होतं. स्कॅन आहे ना, मग झालं, म्हणाल्या.

मग उस्मान बसला चेहरा साफ करायला. गालांवर बारीक रेघा होत्या, ओरखडे पडल्यासारख्या. त्या पुसल्या. रंग जरा उचलला. सवयीनं कच्चा स्कॅन उडवून टाकला आणि नमाजाला गेला.

प्रदर्शनाला तीन दिवस उरले असताना हिबांनी छापून आलेला फोटो टेबलावर ठेवला आणि गालांवर बोट टेकवलं.

"अबू झैद, गालांवरच्या रेघा कुठं गेल्या?"

"ओरखडे होते ते, डॉक्टर. काढले."

"ओरखडे नव्हते ते. लहानपणी तिच्या माणसांनी गालावर कापून केलेली खूण होती. किती रेघा, कशा, ते स्कॅन मोठा करून मोजायचं आणि त्यावरून ती मूळची कुठली ते शोधायचं, असं ठरवलं होतं मी. तिच्या मुलखाचं तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. कच्चा स्कॅन काढा."

स्कॅन उडवल्याचं त्यानं सांगितलं. हिबा खुर्चीत बसल्या.

"किती होत्या, ते तरी आठवतं?"

तीन म्हणाला असता तर तीन झाल्या असत्या. काढूनही दिल्या असत्या त्यानं, अगदी अस्सल दिसतील अशा. पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, तेही वाचलं असतं. शब्द जिभेवर आला होता.

"नाही आठवत," तो म्हणाला. "मी बघितल्याच नाहीत, डॉक्टर. नुसत्या पुसल्या."

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. हिबा एवढंच म्हणाल्या, "आत्याला विचारू. मबरूका तिची आजी, तिच्याच मांडीवर ती वाढली."

तीन दिवस उस्मानला घास गोड लागला नाही. फोटोतले हात त्याच्या सवयीमुळेच शाबूत राहिले होते. त्यांचा रंग बघून बघून त्यानं मबरूकाचा चेहरा परत तिचा केला, गाल तेवढे कोरे ठेवले. करताना सारखे आईचे हात डोळ्यांपुढे यायचे, आणि तिचा चेहरा आठवायला गेला की ती फ्रेममधली गव्हाळ बाई यायची. स्वतःची इतकी चीड त्याला कधी आली नव्हती. डोळे पुसत पुसत त्यानं काम पुरं केलं.

उद्घाटनाला आत्या आली, उम्म अब्बास, ऐंशीच्या घरातली, काठी टेकत. हिबांनी तिला फोटोपुढे बसवलं, उस्मानला शेजारी बोलावलं आणि त्यानं काय केलं ते तिला सगळं सांगितलं. उस्मान मान खाली घालून उभा होता. म्हातारी चिडली नाही.

"आजीच्या गालावर बोट फिरवत फिरवत मी झोपायचे," ती म्हणाली. "माझ्या बोटाला ठाऊक आहे."

तिनं डोळे मिटले आणि बोट स्वतःच्या गालावर नेलं. एक रेघ ओढली. जरा खाली दुसरी. बोट आणखी खाली गेलं, थांबलं, परत वर आलं. हिबा वही उघडून उभ्या होत्या. उस्मान मनातल्या मनात दुवा मागत होता, तिला आठवू दे, एवढं तिला आठवू दे.

म्हातारीनं डोळे उघडले आणि त्याच्याकडे वळून बघितलं.

"तिला शेवटचं तू बघितलंस, बाबा," ती म्हणाली. "तिसरी होती का रे?"