माथ्यावरचा तिसरा वॉल्व्ह

पान्याचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. त्याची बायको म्हणायची, "ह्यांच्या डोक्यातच कुणीतरी भोंगा बसवलाय." उठायचा, तोंड धुवायचा, स्वतःचा चहा स्वतः करायचा, भांडं घासून पालथं घालायचा आणि लोक कूस बदलत असतील तेव्हा पंपघरात हजर व्हायचा. शहर जागं होऊन नळ उघडायच्या आत पाणी टाकीत चढलेलं पाहिजे, एवढंच त्याचं काम. पाणी आलं की आमचं पाणीखातं कुणाला आठवत नाही. नाही आलं की सगळ्या नात्यागोत्यासकट आठवतं.

तो फिटर. मागच्या खिशात कायम एक पाना, म्हणून नावच पाना पडलं. लग्नातसुद्धा तो खिशात होता असं त्याचा मेव्हणा सांगतो. पाना म्हणतो, साफ खोटं. लग्नाच्या दिवशी तो सासऱ्यांच्या पिशवीत ठेवायला दिला होता.

मी त्याच खात्यात, पण रंगाच्या टोळीत. शहराबाहेरची पाइपलाइन आमच्याकडे, पंपघर त्याच्याकडे. माझ्या हिशेबाने खात्यात मनापासून घाम गाळणारी माणसं थोडी होती आणि त्यातला पाना एक. मात्र त्याच्याबरोबर काम करणं अवघड. स्वतः आवळलेला नट तो पुन्हा आवळून बघायचा. मग दुसऱ्यांनी आवळलेले बघायचा. एकदा दवाखान्यात नंबर यायला वेळ लागला, तर ह्याने तिथल्या सगळ्या खुर्च्या आवळून टाकल्या. डॉक्टरांनी त्याला आत घेतलं ते आधी खुर्ची खाली ठेवायला सांगून.

त्याची लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. एका सुट्टीत ती आली आणि तिने बापाच्या फोनवर एक खेळ घालून दिला.

"बाबा, लोक कुठेतरी डबा लपवतात. जागेचे आकडे फोनवर देतात. दुसरे लोक जाऊन शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तिथे परत ठेवतात."

"जिंकतो कोण?"

"कुणीच नाही."

"मजुरी?"

"नाही."

"मुकादम?"

"तोही नाही."

पान्याने चहा संपवला. "चल, बघू."

पहिला डबा बागेतल्या बाकाच्या खाली सापडला. प्लास्टिकचा, चिकटपट्टीने लावलेला, आतली वही भिजून लगदा. पाना म्हणाला, "हा ठेवला नाही, टाकलाय." दुसरा एका भिंतीच्या खोबणीत होता. त्याचं झाकण नीट बसत नव्हतं. पान्याने खिशातून रबराचा तुकडा काढला, कापला आणि झाकणाला वायसर करून बसवला.

"बाबा, दुसऱ्याचा डबा दुरुस्त करत नाहीत."

"गळत होता."

"पाण्याचा नाहीये तो."

"म्हणून काय झालं?"

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून जाड पत्रा घेऊन आला.

पान्याची पेटी तयार व्हायला कितीतरी रविवार गेले. लोखंडी, गोल, गुडघ्याएवढी उंच. झाकणाला आठ बोल्ट आणि मध्ये रबर. जाग्यावर अनोळखी दिसू नये म्हणून त्याने ती हुबेहूब हवेच्या वॉल्व्हसारखी केली. पाइप डोंगरावरून जातो तिथे आत हवा अडकते, ती सोडायला माथ्यावर असा वॉल्व्ह लागतो. आमच्या लाइनीवर सगळ्यात लांबच्या माथ्यावर दोन होते. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि तिथून पाइपाच्या कडेकडेने अर्धा दिवस चढायचं. वाट नाही, सावली नाही, माणूस तर नाहीच. पाना पेटी पाठीवर बांधून चढला, दोन वॉल्व्हच्या शेजारी पाइपावर ठेवली आणि लोखंडी पट्ट्याने आवळली. पाइपाला भोक पाडलं नाही. परवानगी मागितली नाही. मागितली तर नाही म्हणतील, हे त्याला माहीत होतं.

खेळात प्रत्येक डब्याला दोन अंक द्यावे लागतात. चालायला किती कठीण आणि शोधायला किती कठीण, एक ते पाच. पान्याने लेकीला सांगितलं, "चालायला पाच. शोधायला एक."

"एक? बाबा, ती वॉल्व्हसारखी दिसते."

"समोर उभी आहे. मी लपवली कुठे?"

लेकीने कपाळाला हात लावला आणि एक टाकला.

मग पाना वाट बघू लागला. वर्षात शोधणाऱ्यांची एखादी टोळी जायची, एखाद्या वर्षी तीही नाही. आलेले लोक खेळात दोन ओळी लिहायचे आणि लेक त्या फोनवरून वाचून दाखवायची. पहिल्यांनी लिहिलं, पेटी सापडली नाही, हवा छान होती. दुसऱ्यांनी लिहिलं, दगड उलटून पाहिले, झुडपं पाहिली, पाण्याच्या लाइनीला हात लावायचा नाही म्हणून ती सोडून सगळं पाहिलं. तिसऱ्यांनी फोटो पाठवला. एक गृहस्थ पान्याच्या पेटीवर ऐसपैस बसून बिस्किटं खात होता. खाली लिहिलं होतं, शोधायला एक देणाऱ्या माणसाला भेटायची इच्छा आहे.

पान्याने फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. "ह्याच्या बुडाखाली आहे," तो म्हणाला.

"मग खूण द्या ना एखादी," बायको म्हणाली. "वर लिहा, बसू नये."

"सांगितलं तर शोधलं कसलं?"

बायको घरी शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, कुणाची चेन बसव, कुणाची बाही कमी कर. ती मशीन न थांबवता म्हणाली, "अहो, मी शिवलेलं लोक घालून तरी हिंडतात. तुमच्यावर बसतात."

अशी वर्षं गेली. पाना निवृत्त झाला, त्याच्या मागोमाग मीही झालो. पान्याचा उजवा गुडघा कामातून गेला. आणि एक दिवस खेळ चालवणाऱ्यांचा निरोप आला: तुमची पेटी आजवर एकालाही सापडलेली नाही, बहुतेक ती जागेवर नसावी. महिनाअखेरपर्यंत जाऊन खात्री करा आणि फोटो पाठवा, नाहीतर यादीतून काढू.

हे त्याला लागलं. सापडली नाही, ठीक. पण नाहीच म्हणतात?

तो माझ्याकडे पाय ओढत आला. वहिनी, म्हणजे त्याची बायको, गणवेश पोचवायला गेल्या होत्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा सगळी हकिगत कळली. तोवर ही पेटी त्याने खात्यातल्या कुणालाही सांगितली नव्हती.

"लांबच्या माथ्यावर?" मी विचारलं. "कुठे नेमकी?"

"दोन वॉल्व्ह आहेत ना, त्यांच्या पलीकडे. वॉल्व्हसारखीच."

मी हातातला कप खाली ठेवला. "तिसरा वॉल्व्ह?"

"हो."

"अरे, तो आम्ही दर वर्षी रंगवत आलोय."

"रंगवत?" पान्याने विचारलं.

मी सांगितलं ते असं. आमची टोळी पहिल्यांदा वर गेली तेव्हा कागदावर वॉल्व्ह दोन होते आणि जागेवर तीन. मुकादमाने डोंगर बघितला, परत जाऊन विचारायचं म्हटलं तर किती चालावं लागेल ते बघितलं आणि म्हणाला, "कागद चुकला असेल." कागदावर तीन केले. तिसऱ्यालाही नंबर घातला. तेव्हापासून दर वर्षी धूळ झाडणे, रंग, वरून बोल्टला ग्रीस. तिसऱ्यासाठी म्हणून गोदामात सुटे भागही येऊन पडले होते.

"म्हणजे तुम्हाला सापडली," पाना हळूच म्हणाला.

"तसं म्हणायचं तर आम्हालाच सापडली."

"वहीत सही आहे?"

"नाही."

"मग नाही सापडली." पान्याने गुडघा सरळ केला. "रंगाचे किती हात दिलेत?"

"दर वर्षी दोन."

"बोल्टवरसुद्धा?"

"अर्धवट काम मी कधी केलेलं नाही."

त्याने डोळे मिटले. एवढ्या रंगाखाली बोल्ट आता दगड झालेले असणार. कुणाला पेटी ओळखू आली असती, तरी ती उघडली नसती.

वर जायचं ठरलं. गुडघ्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, "दुसरा आहे की." वहिनींना कळलं तेव्हा त्यांनी मशीनवर कापड झाकलं आणि म्हणाल्या, "मी पण येते. इतकी वर्षं त्या पेटीचं ऐकतेय. मात्र कुठे आहे, कशी आहे, एक अक्षर बोलायचं नाही. मी शोधणार."

"तुला माहितेय, वॉल्व्हसारखी आहे," पाना म्हणाला.

"खात्याचे वॉल्व्ह मी कधी बघितलेत? मला शिलाईचं विचारा."

आम्ही तिघं पहिल्या बसने निघालो. चढताना पाना दर वळणावर थांबायचा आणि थांबलोय असं वाटू नये म्हणून पाइपाचा एखादा सांधा तपासायचा. शेवटच्या चढाला त्याने माझा खांदा धरला. वहिनी पुढे. पायात त्यांच्या लेकीचे जुने, मोठ्या मापाचे बूट, आत कापडाच्या चिंध्या भरलेले. मागे वळून त्या म्हणाल्या, "तुम्हा दोघांना निवृत्त का केलं ते कळलं."

माथ्यावर तीन वॉल्व्ह एका ओळीत उभे होते. तिन्ही एकाच हिरव्या रंगाचे, तिन्हींवर पांढरे नंबर, तिन्हींचे बोल्ट ग्रीसने चमकत. काम चोख होतं, हे मी माझं आहे म्हणून म्हणत नाही.

वहिनींनी दगड बघितले, झुडपं बघितली. मग वॉल्व्हकडे वळल्या, तिन्ही बघितले आणि चेहरा पडला. "हे तर सारखेच आहेत."

पाना पाठ करून आभाळाकडे बघत उभा राहिला. त्याचा चेहरा कधीच काही लपवू शकलेला नाही, म्हणून मीच त्याला तसं वळवलं होतं.

दमून वहिनी पहिल्या वॉल्व्हवर टेकल्या आणि लगेच उठल्या. मागून ओल्या झाल्या होत्या. दुसऱ्यावर टेकल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा ओल्या. काही पुटपुटल्या. तिसऱ्यावर बसल्या आणि बसूनच राहिल्या.

मग त्यांनी बसल्याबसल्या हात खाली घालून पाइप चाचपला. वाकून जमीन बघितली. पहिल्या दोन वॉल्व्हखाली शेवाळ होतं, ह्याच्याखाली धूळ.

"हीच," त्या म्हणाल्या.

"कशावरून?" पान्याने पाठ न वळवता विचारलं.

"कोरडी आहे. खात्याची असती तर गळली असती."

पाना वळला. मला बरं वाटलं की वाईट, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण खरं तेच. दोन्ही वॉल्व्ह ठिबकतात, तिसरा नाही, म्हणून तर वर येणारा प्रत्येक जण टेकायला नेमकी तीच जागा निवडत आला होता.

मी पिशवीतून रंग खरवडायची पत्ती काढून पुढे झालो, तर पान्याने मला अडवलं. "तू बाद. तू रंगवलायस."

"आणि तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

"मी मालक. शोधणाऱ्यानेच उघडायची."

त्यांनी माझी पत्ती घेतली आणि पान्याचा पाना घेतला. लग्नानंतर तो पाना पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात गेलेला मी बघितला. रंगाचे थर पापुद्र्यांनी निघत होते. मला मोजायचा मोह झाला, पण गप्प बसलो. पाना गप्प बसला नाही.

"उलट. उलट फिरव. तिरका धरू नकोस. कडा खाईल."

"अहो, मी कधी सांगते तुम्हाला सुई कशी धरायची?"

"मी सुई धरतच नाही."

"म्हणूनच तर. तिकडे बसा. पहिल्या नंबरवर बसा."

पाना जाऊन पहिल्या नंबरवर बसला आणि ओला झाला, पण उठला नाही. सावल्या लांबल्या तेव्हा आठवा बोल्ट सुटला. झाकण त्यांनी दोन्ही हातांनी उपसून बाजूला ठेवलं. आत वही होती. कोरी, कोरडी, दुकानातून आत्ता आणावी तशी. शेजारी पेन्सिल, तिचं टोकसुद्धा जसंच्या तसं. इतक्या वर्षांत आत एक थेंब गेला नव्हता. पान्याने वाकून रबरावरून बोट फिरवलं आणि बोट आम्हाला दाखवलं. कोरडं.

वहिनींनी पहिल्या पानावर नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि खाली एक ओळ: झाकण फार जड आहे.

"हे कशाला लिहिलंस?"

"लोक अनुभव लिहितात ना?"

"घरच्या माणसाने शोधलेलं धरतात की नाही कोण जाणे," पाना म्हणाला. तोंडाने कुरकुर, पण वही काही तो हातातून सोडेना.

"मला कुणी सांगितलं होतं? नाही. मग सापडली." त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावायचा प्रयत्न केला. आवाज जात नव्हता. खाली बसथांब्यावर आल्यावर लागला. लेक ऐकून इतकी हसली की शेजारच्या बाकावरच्या माणसाने आमच्याकडे बघितलं. आईने शोधलं तर ते शंभर टक्के धरतात, असा निकाल तिने दिला. फोटो पाठवले. पेटी यादीत राहिली आणि तिच्यापुढे पहिल्यांदा "सापडली" असं आलं.

खात्यात मी मुकादमाला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "काढायची नाही. कागदावर तीन आहेत."

उतरताना वहिनींच्या उजव्या बुटाचा तळ निघाला होता. पान्याने तो तारेने बांधला आणि त्या तशाच खाली आल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तर मशीन बंद. त्या फोन घेऊन बसल्या होत्या.

"भावजी, हे बघा. कुणालाच न सापडलेले असे किती डबे आहेत. हा एक धरणाच्या पलीकडे. हा तर खाणीच्या मागे. बिचारे ठेवणारे वाट बघत असतील."

"तुला जमेल का चालायला?" पान्याने विचारलं.

"काल कोण आधी पोचलं?"

रात्रपाळ्यांचे जादा पैसे त्याने निवृत्तीनंतर घरी लोखंड कातायचं छोटं लेथ यंत्र घ्यायचं म्हणून बाजूला टाकले होते. यंत्राची जागासुद्धा आखून ठेवली होती, न्हाणीघराच्या बाहेर. त्या आठवड्यात तो ते पैसे घेऊन बाजारात गेला. मी बरोबर होतो. दुकानदाराने विचारलं, कुणाला हवेत? पाना म्हणाला, बायकोला. दुकानदार म्हणाला, एवढ्या लहान मापाचे डोंगराचे बूट मागवावे लागतील, महाग पडतील. पाना म्हणाला, मागवा.

आले तेव्हा त्याने तळ वाकवून बघितला, शिलाई बघितली, आत हात घालून बघितला. मग विचारलं, ह्यात साधे मोजे चालतात का? दुकानदार म्हणाला, नाही, जाड लागतात. पान्याने दोन जोड मोजे घेतले.