आत्याची बदली

माझी आत्या इस्पितळात आया होती. पुरुषांच्या वॉर्डात चादरी बदलायची, पेशंटना कुशीवर वळवायची, भरवायची. शेजारच्या बायकांच्या वॉर्डातली आया तिच्याहून दहा वर्षांनी लहान. सतत आत्याच्या मागे मागे असायची म्हणून आम्ही घरी तिला ‘सावली’ म्हणायचो.

सावलीची आई अंथरुणाला खिळली. आत्या म्हणाली, “चारला निघत जा गं. इथलं मी निभावते.” पुढचे आठ महिने चार ते सहा आत्या दोन्ही वॉर्डांत पळत होती. घरी यायची ती पाय सुजवून, पण चेहरा टवटवीत. काका, म्हणजे आत्याचे यजमान, चिडवायचे, “आता गेटसुद्धा झाडून येत जा!”

मग मुख्य आयेची जागा निघाली. सगळ्यांना वाटलं, आत्याच होणार.

एका सकाळी मेट्रनबाईंनी तिला बोलावलं. “चारनंतर तुम्ही वॉर्डात सापडत नाही, अशी लेखी तक्रार आहे. तारखांसकट.”

अक्षर सावलीचं होतं.

“अहो, मी तिच्याच वॉर्डात होते!” आत्या म्हणाली. “विचारा तिला.”

सावलीला बोलावलं. ती फरशीकडे बघत म्हणाली, “मी तर रोज सहापर्यंत असायचे, बाई.”

आठवड्याभरात सावली मुख्य आया झाली आणि आत्याची बदली तळघरातल्या धुलाईघरात.

“यापुढे कुणासाठी काडी इकडची तिकडे करणार नाही,” असं तिनं घरी सांगितलं, आणि ते खरं केलं. सोबतिणीनं गाठोड्याला हात लावायला सांगितलं तरी मान फिरवायची. जेवण जाईना, झोप उडाली, छातीत जळजळ. डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडलं नाही.

तीनेक महिन्यांनी एक माणूस जिना उतरून आला. आदल्या दिवशी त्याचे वडील वारले होते. त्यांचा निळा स्वेटर बहुतेक चादरींबरोबर खाली आला होता.

“इथं शोधून देत नाहीत,” आत्या म्हणाली.

“बरं,” म्हणून तो वळला, पण पायरीवरच बसला. जावं कुठे हे त्याला कळत नसावं.

आत्यानं थोडा वेळ पाठ फिरवून घड्या घातल्या. मग बाह्या सारल्या आणि न धुतलेली गाठोडी सोडायला लागली. तासाभरानं स्वेटर सापडला, कोपराशी रफू केलेला. माणसानं तो नाकाशी धरला. “वास आहे अजून,” म्हणाला, आणि रडायला लागला. आत्या त्याच्याशेजारी पायरीवर बसून राहिली.

त्या दिवशी तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. काका बघतच राहिले.

मग तिनं दाराशी एक खोकं ठेवलं. चादरींत सापडलेले चष्मे, मोजे, जपमाळा त्यात जायच्या. एक कवळी तर तिघांनी तोंडात घालून परत केली! लोक शोधत खाली यायचे. जळजळ कधी थांबली, ते तिलाही कळलं नाही.

“मग सावलीला माफ केलंस?” मी एकदा विचारलं.

“छे! माझे आठ महिने तिनं खोटे पाडले. ते अजून सलतं. पण कुणाचं काही सापडलं की मला अन्न गोड लागतं. ते मी तिच्यापायी का सोडू?”

निवृत्तीच्या दिवशी गुच्छ द्यायला सावलीच पुढे आली. डोळे भरून “ताई…” म्हणाली. आत्यानं गुच्छ घेतला, शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि धुलाईघरातल्या बायकांकडे वळली.