खिळ्यावरचं पातेलं

स्वातंत्र्यानंतरच्या त्या आठ-दहा वर्षांत पनवेलात एकही मोडकी वस्तू सुखाने फेकून देता येत नसे, आणि याला सर्वस्वी माझ्या बायकोचे मामा जबाबदार होते. मामा बैलगाडीची चाकं करणारे सुतार. पण गिऱ्हाईक चाकासाठी खोळंबलेलं असायचं आणि मामा कुणाच्या तरी उकिरड्यावर. गावात कुणाचं तेरावं झालं की चौदाव्या दिवशी हे दारात हजर. सांत्वनाचे दोन शब्द बोलायचे आणि लगेच विचारायचं, "त्यांची एखादी निकामी वस्तू आहे का?" त्या वस्तू फळीवर ठोकून ते गेलेल्या माणसाचं 'चित्र' करत. चित्रात चेहरा नाही, नाव नाही. एकदा झिजलेलं वल्हं, दोरीची गाठ आणि अर्धी चिलीम पाहून मी हसलो, तेवढ्यात ज्याचं ते चित्र होतं त्या तांडेलाची, म्हणजे होडीवाल्याची, म्हातारी बायको आली. बराच वेळ बघून म्हणाली, "आमचाच हाय ह्यो. होडीत असाच तिरका बसायचा." मी हसू आवरलं, पण मामांवरचा माझा राग गेला नाही. कारण माझी धडधाकट छत्री, मी जिवंत असताना, एका परक्या मास्तरांच्या चित्रावर गेली होती. जाब विचारला तर म्हणाले, "मास्तरांची सापडेना. तुमची अगदी तशीच होती." भर आषाढात मी कचेरीत भिजत जायचो. बोलायची सोय नव्हती, बायको लगेच "माझे मामा आहेत ते" म्हणायची.

मामांच्या घरात धड वस्तू एकच. खिळ्याला टांगलेलं कडीचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं, लख्ख घासलेलं. त्याला कधी चूल दिसली नाही. चहा मात्र चेपलेल्या डब्यात. "मामा, त्याची काय पूजा करता?" असं मी एकदा चिडवलंही होतं. त्यांनी डब्यातला चहा माझ्यापुढे सरकवला.

पुढे माझी आई गेली. दोन महिन्यांनी बोहारीण आली, बायकोने आईची चार लुगडी काढली, एका बरणीवर सौदा ठरत आला. तेवढ्यात मामा आले आणि सरळ लुगड्यांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसले.

"उठा मामा!" मी ओरडलो. "आता माझ्या आईच्या लुगड्यांनाही खिळे ठोकणार?"

"ओ बाबा, सौदा झालाय," बोहारीणही तडकली.

मामा हलले नाहीत. खाली बघत म्हणाले, "तुमची मामी गेली तेव्हा तिची लुगडी बघवेनात. एका दुपारी सगळी बोहारणीला देऊन टाकली. पातेलं मिळालं. तिच्यासाठी फळी घासून ठेवलीय बारा वर्षं. ठोकायला तिचं काहीच नाही."

बरणी परत टोपलीत गेली. आईच्या लुगड्याचा विरलेला काठ मामांनी फळीवर लावून दिला. तो आमच्या ओटीवर आहे. आई पदर खोचून उभी आहे असं मला अजून वाटतं.

मामा गेले तेव्हा चौदाव्या दिवशी मी त्यांच्या दारात हजर झालो. ती कोरी फळी, ते पातेलं आणि त्यांची हातोडी मागून आणली, आयुष्यात पहिल्यांदा हातोडी धरली, पाच खिळे वाकवले आणि शेवटी ती हातोडी आणि ते पातेलं शेजारी-शेजारी लावलं. मामींना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मामांवर सदैव वैतागलो. आता त्या फळीसमोर उभा राहिलो की मामांची आठवण येते, आणि पाऊस असला तर माझ्या छत्रीचीही.