मनी प्लांटची चोरी

आमच्या शनवारा मोहल्ल्यात माझ्या दारावर मनी प्लांटचा वेल लोंबतो. रोज सकाळी ऑफिसला जाणारी एक बाई तिथं आली की चाल हळू करायची आणि वेलाकडे पाहत पुढे जायची. नाव मी विचारलं नाही. पण हिला हवंय तरी काय, हे कुतूहल मला सोडेना.

एक दिवस तिनं पर्समधून कात्री काढली. "काकाजी, जरा तोंड फिरवा ना."

"का?"

"मला वेल चोरायचा आहे."

"माझ्या दारात चोरी? मी देतो ना, हक्कानं घे!"

"मागून आणलेले सगळे वाळले. सासूबाई म्हणतात, हिच्या हाताला काही जगतच नाही. चोरलेला जगतो म्हणे."

चौथी शिकलेला असलो तरी असल्या गोष्टी मी मानत नाही. पण तिचा चेहरा पाहिला आणि भिंतीकडे वळलो. समोर माझ्या फटफटीचा आरसा होता. त्यात दिसलं, बाई नुसतं पान कापतेय. मूळ फुटतं ते गाठीतून, म्हणजे हेही वाळणार. सांगावं, तर चोरी राहत नाही. मग मी भिंतीलाच म्हणालो, "लोक गाठीच्या खालून कापतात बुवा."

कात्री थांबली. मग जरा खाली वाजली. आभार न मानताच ती गेली. चोर कुठे आभार मानतो?

पावसाळा सरल्यावर ती दारात थांबली. हसू आवरत नव्हतं तिला.

"काकाजी, सासूबाई आता वेलापाशी खुर्ची टाकून बसतात. म्हणतात, आमच्या सुनेच्या हातचा आहे, कोणी चोरून नेईल!"